साडेबारा टक्के नाही, पन्नास टक्के

आमच्या घणसोलीत साडेबारा टक्क्यांचं गणित पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. नवी मुंबई वसवायला जमीन सिडको या सरकारी कंपनीने घेतली, बदल्यात घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, मग त्या प्लॉटला आजोबांचे चार वारस, त्यांची मुलं, मुलांची भांडणं, म्हंजे प्रत्येक पिढीला वाटणी बारीक होत जाते हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे मोठ्या काकांना डॉक्टर म्हणाले की हा किडनीचा आजार तुमच्याकडे वडिलांकडून आलेला दिसतोय, तेव्हा काका एकदम निवांत म्हणाले, "बरं झालं माझ्या वाट्याला आला, बाकीचे सुटले."

पण सुटलं कोणीच नव्हतं. बाबा काकांना किडनी द्यायला तयार झाले, सख्खा भाऊ म्हणजे कायद्याने जवळचा नातेवाईक, ब्लडग्रुप पण जुळला, आणि तपासणीच्या सोनोग्राफीत बाबांच्याच दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी निघाल्या. किडनी द्यायला गेलेला माणूस स्वतःची फाईल घेऊन घरी आला. तोपर्यंत घरात सगळ्यांचं एकच मत, काकांची किडनी बोअरच्या पाण्याने आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांनी गेली. (दुखण्याच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर किडनीला त्रास होतोच, ते खोटं नाही, पण इथे मूळ वेगळं होतं.)

आजाराचं नाव पॉलिसिस्टिक किडनी, डॉक्टर नुसतं पीकेडी म्हणतात. बायकांच्या पीसीओडीशी (अंडाशयाच्या गाठींशी) याचा काही संबंध नाही, वहिनीने घाबरून विचारलं होतं म्हणून आधीच सांगतो. आता काकांचं गणित कुठे चुकलं ते बघा. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन कॉप्या, एक आईची एक बापाची. मोठ्या माणसांत दिसणाऱ्या पीकेडीत एकच कॉपी बिघडलेली असली तरी पुरते. बापाकडे एक चांगली एक बिघडलेली, तो मुलाला दोनपैकी एक देतो, म्हणजे पन्नास टक्के. पण हे पन्नास टक्के घराला मिळून नाहीत, प्रत्येक मुलाला वेगळे. प्रत्येक बाळाच्या वेळी नाणं नव्याने उडवायचं, मोठ्याचा छापा पडला म्हणून धाकट्याचा काटा पडेल असं काही नसतं. चारही पोरांना येऊ शकतो, एकालाही येणार नाही असं पण होऊ शकतं. जमिनीसारखी वाटणी होऊन तो बारीक होत नाही, ज्याला मिळतो त्याला अख्खा मिळतो. आणि ज्याला मिळालाच नाही त्याच्याकडून पुढे त्याच्या मुलांकडे जाणार पण नाही, तो एक पिढी गॅप घेऊन उगवत नाही. मध्ये सुटल्यासारखा वाटतो तो बहुतेक वेळा तपासलेलाच नसतो.

ज्यांच्यात बिघाड होतो ते जीन मुख्यतः दोन, पीकेडी-1 सोळाव्या गुणसूत्रावर, तो 1994 ला सापडला, आणि पीकेडी-2 चौथ्यावर, 1996 ला. दहातल्या साधारण आठ घरांत पहिला असतो आणि तोच जास्त त्रासदायक, त्यात किडनी साधारण पन्नाशीत थकते. दुसऱ्यात बऱ्याचदा सत्तरी गाठता येते. तरी एकाच घरात, एकाच बिघाडाचे दोन भाऊ वेगवेगळे चालतात, काका 51 ला डायलिसिसवर आणि बाबा 48 ला क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते दाखवणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल घेऊन रबाळ्याला ड्युटीवर.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे, की बिघाड जन्मापासून प्रत्येक पेशीत आहे मग गाठी तिशी-चाळिशीत का दिसतात? एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिला जोडलेली बारीक नळी. नळीच्या आतल्या पेशींवर केसासारखी एक अँटेना असते, त्या अँटेनावर या जीनची प्रोटीन बसतात आणि पेशीला बहुतेक हेच सांगतात की नळी नीट आहे, उगाच वाढू नको. चांगली कॉपी आहे तोवर काम भागतं. पण वर्षानुवर्षं पेशी जुन्या होतात, नव्या होतात, एखाद्या पेशीत ती उरलेली चांगली कॉपी पण खराब होते आणि ती पेशी सुसाट वाढायला लागते, नळीला फुगा येतो, त्यात पाणी भरतं. अशा गाठी होणाऱ्या नळ्या एकूण नळ्यांतल्या अगदी थोड्या, पण त्या फुगून शेजारच्या चांगल्या नळ्यांना चेपतात. मुठीएवढी किडनी काही लोकांत काही किलोंची होते. आणि हे चालू असताना उरलेल्या नळ्या जादा काम उपसत असतात, त्यामुळे क्रिएटिनिन वर्षानुवर्षं नॉर्मल येतं आणि माणूस रिपोर्ट दाखवत फिरतो की मला काही नाही. त्याच्या आधी बीपी वाढतं, पण तिशीतल्या बीपीला आपण टेन्शन म्हणतो.

म्हणून अशा घरात रक्त तपासून थांबायचं नाही, सोनोग्राफी करायची. पण साध्या गाठी वयानुसार कुणालाही होतात, त्यामुळे मोजायचा नियम आहे. घरात आजार असलेल्या माणसाला 15 ते 39 वयात दोन्ही किडन्या मिळून तीन गाठी दिसल्या तरी निदान झालं, 40 ते 59 मध्ये प्रत्येकीत दोन लागतात, साठीनंतर प्रत्येकीत चार. मी 33 चा, माझी सोनोग्राफी कोरी आली, पण पूर्ण सुटका चाळिशीनंतरच्या सोनोग्राफीवर. आणि दहातल्या एखाद्या पेशंटच्या घरात आधी कोणालाच नसतो, त्याच्यात बिघाड नवीन झालेला असतो.

औषध अगदी नाहीच असं नाही. टोलव्हॅप्टन नावाची गोळी, अमेरिकेत 2018 ला या आजारासाठी मंजूर झाली, ती गाठी वाढवणाऱ्या हार्मोनला अडवते आणि किडनीची घसरण हळू करते. पण दिवसाला पाच-सहा लिटर लघवी होते, आता ठाणे-वाशी लोकलने जाणाऱ्या माणसाला हे सांगा, डब्यात सोय नाही आणि स्टेशनवर काय सोय असते ते सगळ्यांना माहितीये. लिव्हरवर पण लक्ष ठेवावं लागतं. बाकी बीपी कंट्रोल आणि मीठ कमी, हे बोअरिंग वाटतं पण डॉक्टर सगळ्यात जास्त आग्रह त्याचाच करतात.

आता हे झालं नाणं उडवण्याचं आनुवंशिक. बहुतेक लोकांच्या घरात किडनीचा आजार असा येत नाही, तिथे जीन म्हणजे तराजूत पडलेलं एखादं छोटं वजन. शुगर असलेल्या साधारण तीनातल्या एकाची किडनी बिघडते, बाकीच्यांची शुगर तेवढीच असूनही टिकते, आणि भावाची बिघडली असेल तर आपला धोका वाढतो, यात जीनचा हात आहे पण एका जीनचा नाही, शेकडो बारीक वजनं आहेत. यातला गाजलेला एक युरोमॉड्युलिनचा, निरोगी लघवीत सगळ्यात जास्त असणारं प्रोटीन तेच. त्याच्या जीनमधला एक अगदी कॉमन फरक किडनीचा धोका थोडा वाढवतो हे 2009 मध्ये कळलं. मग तो फरक इतक्या लोकांत टिकला कसा? एक अंदाज असा की तो युरिन इन्फेक्शनपासून वाचवत असावा.

हे वाचवणं आणि बुडवणं एकत्र बघायचं तर एपीओएल-1 नावाचा जीन बघा. पश्चिम आफ्रिकेतून ज्यांचे पूर्वज आले त्यांच्यात याचे दोन प्रकार आढळतात, 2010 ला ते किडनीशी जोडले गेले. त्से-त्से माशीमुळे होणाऱ्या निद्रारोगाच्या जंतूशी लढायला ते कामाला येतात, पण दोन्ही कॉप्या तसल्या मिळाल्या तर किडनीचा धोका खूप वाढतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांत साधारण 13 टक्के लोकांकडे अशा दोन कॉप्या आहेत, तरी त्यातल्या बहुतेकांची किडनी आयुष्यभर नीट चालते, वरून अजून एखादा धक्का लागावा लागतो. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याचं पण असंच, एक कॉपी मलेरियात जीव वाचवते आणि त्याच एका कॉपीने किडनीचा धोका थोडा चढतो.

म्हणून घरात शुगर-बीपी असेल तर लॅबवाल्याला क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) पण तपासायला सांगा, तिथे गळती आधी दिसते. आणि घरातल्या दोन-तीन जणांच्या लघवीत रक्त आणि कानाला कमी ऐकू येणं असं एकत्र दिसलं तर डॉक्टरला दोन्ही सांगा, अल्पोर्ट नावाचा वेगळा आनुवंशिक आजार असू शकतो.

बाबांच्या डॉक्टरांनी आम्हाला घराण्याचा तक्ता काढून आणायला सांगितलं, कोण कधी गेलं, कशाने, कितव्या वर्षी. आम्ही हसलो, कारण तो तयारच होता, प्लॉटच्या फाईलला लावलेली वंशावळ, स्टॅम्पपेपरवर, सगळ्यांच्या वयासकट. डॉक्टरांनी आजोबांच्या नावावर बोट ठेवलं, 46 व्या वर्षी डोक्यात रक्तस्राव. पीकेडीत मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, त्यांनी तिथे पेनने गोल केला. मग खाली येत येत कोपऱ्यातल्या नावावर थांबले. ह्या कोण?

ती आत्या. कळव्याला दिलेली, दहा वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही केली म्हणून यादीत कडेला. तिला तीन मुलं आहेत आणि कोणीच तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी बाबांनी फोन लावला, तर पलीकडून पहिलं वाक्य आलं, "आता कुठे सही करायचीये?"