आवर्ती वेळापत्रक (संगणकशास्त्र)

ठरावीक अंतराने वा ठरावीक तारखेस पुन्हापुन्हा करावयाचे काम संगणकाला नियमरूपाने सांगण्याची पद्धती. पुढच्या सगळ्या तारखांची यादी साठवण्याऐवजी नियम साठवायचा आणि त्यावरून तारखा लागतील तशा काढायच्या, हे तिचे सूत्र. तिच्या दोन परंपरा प्रमुख आहेत : युनिक्स या संगणक कार्यप्रणालीतील क्रॉन आणि दिनदर्शिकांसाठीचे आयकॅलेंडर.

क्रॉनचे कर्तृत्व सामान्यतः बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्पसन यांच्याकडे दिले जाते. त्याचा काळ पुष्कळदा १९७९ (युनिक्सची सातवी आवृत्ती) असा दिलेला आढळतो. तथापि १९७५ च्या सहाव्या आवृत्तीतही क्रॉन असल्याने आधीचे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक होय. नावाविषयीही दोन मते आहेत. ‘कमांड्स रन ओव्हर नाइट’ या शब्दांची ती आद्याक्षरे असल्याचे काही जण सांगतात. ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली दिसते. काळ या अर्थाच्या ‘ख्रोनोस’ या ग्रीक शब्दापासून नाव आले, हे मत बहुधा ग्राह्य धरले जाते. मूळ शब्दाच्या रोमन लेखनातील ‘एच’ गळला आहे, पण युनिक्समध्ये फाइल तयार करणाऱ्या ‘क्रिएट’ या कॉलच्या नावातील शेवटचा ‘ई’ गाळणाऱ्या मंडळींच्या बाबतीत त्याचे नवल वाटू नये.

मूळ क्रॉन दर मिनिटाला जागा होऊन एकच फाइल तपासत असे. पर्ड्यू विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांनी १९७९ च्या सुमारास त्याला अनेक वापरकर्त्यांसाठी नवे रूप दिले. त्यात फ्रँटा व मॅली यांच्या १९७७ च्या लेखातील घटना-सूचीची कल्पना वापरली होती : पुढचे काम केव्हा आहे ते काढायचे आणि तोवर झोपायचे. पॉल व्हिक्सी यांचे १९८७ चे क्रॉन नंतर सर्वाधिक पसरले.

क्रॉनच्या नियमात मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने असतात; ‘*’ म्हणजे ‘कोणतेही’. त्यांतली खोच शेवटच्या रकान्यात आहे. ‘० ० १३ * ५’ हा नियम ‘तेरा तारखेचा शुक्रवार’ असा वाचला जातो. प्रत्यक्षात काम दर तेरा तारखेलाही चालते आणि दर शुक्रवारीही. मिनिटांच्या रकान्यात ‘*/४०’ लिहिले, तर काम ० व ४० व्या मिनिटाला चालते. म्हणजे अंतर एकदा ४० मिनिटांचे, एकदा २० चे. क्रॉनला मागचे काही आठवत नाही, म्हणून ‘एक आठवडा सोडून’ हे त्याला थेट सांगता येत नाही. महिनाअखेरही तशीच. ती भारतात विशेष जाणवते, कारण बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. एक तारखेला रात्री साडेबाराचे काम सर्व्हरच्या घड्याळात आदल्या दिवशीच्या १९:०० ला पडते. ही आदली तारीख २८ ते ३१ पैकी कोणतीही असू शकते. उपाय म्हणून या चारही तारखांना काम लावून ‘उद्या एक तारीख आहे का?’ अशी तपासणी जोडतात. या तपासणीत तारीख काढणाऱ्या आज्ञेत टक्के-चिन्ह येते आणि त्याचा अर्थ क्रॉनच्या फाइलीत ‘नवी ओळ’ असा होतो. त्यामुळे हाताने चालवलेली आज्ञा सुरळीत चालते आणि तीच रात्री बिनबोभाट पडते.

आयकॅलेंडरचे प्रमाणक नोव्हेंबर १९९८ मध्ये आरएफसी (इंटरनेटविषयक प्रमाणकांची क्रमांकित दस्तऐवजमाला) २४४५ म्हणून आले. सप्टेंबर २००९ मध्ये त्याची जागा आरएफसी ५५४५ ने घेतली. येथे नियमाला आरंभतारीख असते, त्यामुळे पंधरवड्याचे आवर्तन जमते. मात्र आठवडा कोणत्या वारी सुरू होतो यावर उत्तर बदलते. ५ ऑगस्ट १९९७ (मंगळवार) पासून एक आठवडा सोडून मंगळवारी व रविवारी, अशा चार बैठका घेतल्या, तर सोमवारपासूनच्या आठवड्यात ५, १०, १९ व २४ या तारखा येतात. रविवारपासूनच्या आठवड्यात ५, १७, १९ व ३१. दरमहा ३१ तारखेचा नियम तीस दिवसांचे महिने वगळतो. त्याऐवजी –१ लिहिल्यास महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो.

ग्रेगोरियनेतर कालगणनांची सोय आरएफसी ७५२९ ने (२०१५) केली. तीत हिब्रू, चिनी इ. पंचांगांतील अधिक महिने मांडता येतात. या कालगणनांच्या नामसूचीत ‘भारतीय’ हे नाव आहे, पण ते १९५७ मध्ये स्वीकारलेल्या सौर राष्ट्रीय दिनदर्शिकेचे. त्यात तिथी नाहीत. संकष्टी चतुर्थी चंद्रोदयाच्या वेळच्या तिथीवर ठरते आणि नागपूरचा चंद्रोदय मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी होतो. अशा दिवसांसाठी पंचांगावरून काढलेल्या तारखा एकेक करून नोंदवतात. प्रमाणकात त्यासाठी ‘आर-डेट’ हा वेगळा गुणधर्म आहे.