हुकूम कोणाचा, मर्जी कोणाची?

घरखर्च कोण ठरवणार, कपडे कोणते घालायचे, रात्री किती वाजता झोपायचं, असे निर्णय एका जोडीदाराने स्वखुशीने दुसऱ्याच्या हाती दिले, तेही चोवीस तास, तर तिथे व्यक्तीचं स्वातंत्र्य उरतं का?

२००६ साली डान्सर, क्लाइनप्लाट्झ आणि मोझर या संशोधकांनी अशा नात्यात, म्हणजे परस्परसंमतीने एकाने हुकूम द्यायचा आणि दुसऱ्याने पाळायचा अशा बीडीएसएम प्रकारच्या नात्यात, स्वतःला ‘गुलाम’ म्हणवणाऱ्या १४६ जणांना ऑनलाइन प्रश्नावली दिली. हे वेगळं नातं रोज जिवंत ठेवायला घरकामासारख्या साध्यासुध्या गोष्टीच वापरल्या जातात, असं उत्तरांतून दिसलं. आणि स्वतःच्या हिताचा प्रश्न आला की ही माणसं स्वतःचा निर्णय स्वतः घेत होती. मला या अभ्यासातली ही सर्वात मोलाची गोष्ट वाटते.

१८८६ मध्ये क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने हुकूम चालवण्याच्या वा पाळण्याच्या अशा लैंगिक ओढींना विकृतीच्या यादीत बसवलं आणि तो शिक्का शतकभर टिकला. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये ९०२ बीडीएसएम करणाऱ्यांची ४३४ इतरांशी तुलना झाली, तेव्हा पहिला गट सरासरीने कमी चिंताग्रस्त आणि जास्त समाधानी निघाला. उत्तरं देणारे स्वेच्छेने आलेले होते, त्यामुळे या नात्याने माणूस सुखी होतो असा अर्थ काढता येत नाही. पण विकृतीचा सिद्धांत मात्र डळमळतो. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात परस्परसंमतीच्या अशा वर्तनाला आजार मानलेलं नाही.

मग सुख कशात? मानसशास्त्रज्ञ बॉमायस्टर यांनी १९८८ मध्ये मांडलं की सतत निर्णय घेणाऱ्या, स्वतःची प्रतिमा जपणाऱ्या ‘मी’चं ओझं काही काळ उतरतं. तासाभरापुरत्या हुकमाच्या खेळाला हे पटतं, वर्षानुवर्षांच्या नात्याला अपुरं पडतं. तिथे डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचा स्वयंनिर्णयाचा सिद्धांत जास्त उपयोगी आहे. त्यांच्या मते स्वायत्तता म्हणजे सगळं एकट्याने ठरवणं नव्हे. आपण जे करतो ते मनापासून आपलं वाटणं. गंडा बांधून घेतलेला शिष्य गुरूची शिस्त पाळतो, ती त्याने स्वतः निवडलेली असते.

पण निवड एकदाच करून भागतं का? आगरकरांवर ज्याच्या विचारांचा खोल ठसा होता, त्या इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्येच लिहिलं की स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचा करार स्वातंत्र्यात बसत नाही, कारण पुढची प्रत्येक निवड त्यात संपते. म्हणून संमती मागे घेता येणं हाच या नात्यांचा कणा आहे. दोघांनी आधी ठरवलेला एक शब्द उच्चारला की सगळं थांबतं.

चोवीस तासांच्या नात्यात धोका इथेच आहे. शब्द ठरलेला असतो, पण उच्चारायची ताकद हळूहळू झिजू शकते. नोकरी सुटते, मैत्रिणी दुरावतात, पैसा एकाच्याच हाती जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून जोडीदारावरचं असं सततचं जबरी नियंत्रण स्वतंत्र गुन्हा आहे. बाहेरून संमतीचं आणि जबरदस्तीचं अशी दोन्ही घरं सारखीच दिसू शकतात: एक सांगतो, दुसरा ऐकतो. म्हणून मी हुकमांची यादी बघणार नाही. मी विचारेन, तुझ्या नावाचं बँक खातं आहे का? जोडीदाराला न विचारता फोन करता येईल असं कोणी आहे का? मागच्या वेळी ‘नको’ म्हणालीस, तेव्हा काय झालं?