झावी आणि झाबी: 8 नंबर कोण, 14 नंबर कोण

स्पेनचे 2010 च्या विश्वचषकातले सामने आज पुन्हा बघायला घेतले की नावांची गल्लत ठरलेली. दोघेही मधल्या फळीत, आणि समालोचक घाईत असला की झावी कुठला नि झाबी कुठला हे कानाला कळत नाही. पाठीवर 8 असेल तो झावी हर्नांडेझ, 14 असेल तो झाबी अलोन्सो. नंबर दिसत नसेल तर उंची बघा: झावी 1.70 मीटरचा, अलोन्सो त्याच्यापेक्षा चांगलाच उंच.

पण पक्की ओळख पटते ती चेंडू पायात आल्यावर. झावी चेंडू येण्याआधीच मान डावी-उजवी फिरवत राहतो, पाठीवर कोण आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. मागून कुणी भिडला की उलट्या बाजूला गिरकी घेतो, पाच-दहा मीटरचा पास देतो आणि लगेच तोच चेंडू परत मागायला हजर. त्याच्यावर धावून जाणारा हमखास फसतो. अलोन्सो त्याच्या मागे, बचावफळीच्या पुढ्यात उभा असतो आणि मैदानाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला लांब, तिरका पास टाकतो. 2006 मध्ये लिव्हरपूलकडून ल्युटन आणि न्यूकॅसलविरुद्ध त्याने चक्क स्वतःच्या अर्ध्या भागातून गोल मारले. त्याची दुखरी नस म्हणजे वेग. अंगाला चिकटून राहिलात, वळायला जागा दिली नाही, तर तो निम्माच उरतो.

कारकिर्दीही अगदी वेगळ्या. झावी अकराव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत आला आणि 2015 पर्यंत तिथेच राहिला: 767 सामने, 8 ला लीगा (स्पेनची लीग), 4 चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा). अलोन्सो मूळचा उत्तर स्पेनच्या बास्क भागातला. रेआल सोसिएदाद, मग लिव्हरपूल, रेआल माद्रिद, बायर्न. 2005 च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यात मिलानचा गोलरक्षक दिदाने लिव्हरपूलकडून खेळणाऱ्या अलोन्सोची पेनल्टी अडवली, परत आलेला चेंडू त्याने जाळ्यात मारला आणि 3-3 झाले. गंमत म्हणजे पुढे बार्सिलोनाच्या कट्टर प्रतिस्पर्धी माद्रिदकडून खेळलेल्या या अलोन्सोचे वडील पेरिको बार्सिलोनाकडून ला लीगा जिंकलेले.

दोघांना एकत्र कसं बसवायचं, हा स्पेनचा खरा पेच होता. 2008 च्या युरोत प्रशिक्षक अरागोनेसनी मागे एकट्या मार्कोस सेनाला ठेवलं, अलोन्सो बहुतेक राखीव. झावीच्या पासवर टोरेसने अंतिम सामन्याचा एकमेव गोल केला आणि झावी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2010 मध्ये नवे प्रशिक्षक देल बोस्केंनी बुस्केट्स आणि अलोन्सो दोघांनाही मागे ठेवलं. त्यामुळे झावीला पुढे सरकावं लागलं, गोलकडे पाठ करून चेंडू घ्यावा लागला. आमच्या मते या मांडणीने झावीचा खेळ थोडा आवळला. पण मागची बाजू इतकी भक्कम झाली की बाद फेरीचे चारही सामने स्पेनने 1-0 असेच काढले. उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध पुयोलने डोक्याने मारलेला गोल झावीच्या कॉर्नरवर आला, तर अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या डी योंगची लाथ छातीवर खाल्ली ती अलोन्सोने. डी योंगला त्यावर फक्त पिवळं कार्ड मिळालं.

2014 च्या विश्वचषकात स्पेन साखळीतच बाद झाला. त्याच ऑगस्टमध्ये दोघांनीही राष्ट्रीय संघ सोडला: झावी 133 सामन्यांनंतर, अलोन्सो 114.