साखर नव्हे, कार्बोरंडम!

शत्रूच्या गाडीच्या टाकीत मूठभर साखर टाकली की इंजिन जाम, हे पडद्यावरच्या हेरांनी लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंय की शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. पण साखर पेट्रोलमध्ये विरघळतच नाही. ती तळाशी बसून राहते, फार तर फिल्टर चोंदतो. खऱ्या घातपात्यांनी निवडलेला पदार्थ कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपरवर चिकटवलेला मिळतो: कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड.

१९४४ मध्ये दोस्त सैन्य उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीत उतरण्याआधी दक्षिण फ्रान्समध्ये मोंतोबाँच्या आसपास जर्मनांच्या ‘दास राइश’ या एसएस रणगाडा डिव्हिजनचा तळ होता. रणगाडे लांबच्या प्रवासाला शक्यतो स्वतःच्या पट्ट्यांवर जात नाहीत. पट्टे झिजतात, गिअर तुटतात, इंधनाचा तर हिशेबच नको. ते रेल्वेच्या सपाट वाघिणींवरून जातात. ब्रिटनच्या ‘एसओई’ या गुप्त संघटनेचा तरुण हेर टोनी ब्रुक्स १९४२ पासून फ्रेंच रेल्वे कामगारांत जाळं विणत होता. त्याच्या माणसांनी, त्यांत किशोरवयीन मुलीही होत्या, साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळांवर, उभ्या वाघिणींच्या अ‍ॅक्सल बॉक्समधलं (आसाच्या टोकाशी असलेल्या वंगणाच्या पेटीतलं) तेल काढून कार्बोरंडम मिसळलेलं वंगण भरलं.

याने नेमकं काय बिघडतं, ते बघण्यासारखं आहे. जुन्या वाघिणीच्या बेअरिंगमध्ये गोळ्या नसत. पोलादी आसाच्या टोकावर मऊ पांढऱ्या मिश्रधातूचं अस्तर लावलेला पितळी तुकडा टेकलेला असे, आणि मध्ये तेल. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हा इंग्रज अभियंता अशाच बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने वरून भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर! लाकडी खुंटी ठोकली, ती हळूहळू वर ढकलली गेली. फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तिथे दाब वाढतो आणि अख्खी वाघीण त्या तेलावर तरंगते. धातूला धातू लागतच नाही. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. थराची जाडी वेग आणि तेलाच्या चिकटपणाबरोबर वाढते, भाराबरोबर घटते. एकूण जाडी काही मायक्रॉन ते काही डझन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे पाठीवर पंचेचाळीस टनांचा पँथर घेऊन हळूहळू निघालेल्या वाघिणीचा थर सगळ्यात पातळ.

आता थरापेक्षा जाड कण आत आला की तो दोन्ही धातूंना एकदम भिडतो. अस्तर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, किरकोळ कचरा त्यात रुतून गप्प बसावा म्हणून. पण कार्बोरंडमची कठीणता मोह्स मापनावर नऊच्या वर, हिऱ्याच्या दहापेक्षा थोडीच कमी. त्याचा कण मऊ अस्तरात अर्धा रुततो आणि उरलेल्या टोकाने पोलादी आस कापू लागतो. मऊ धातू शाबूत, कठीण धातू झिजतो! हिऱ्याला पैलू पाडणारे बिडाच्या चाकाला हिऱ्याची भुकटी लावतात, त्यातलाच हा प्रकार. आसावर चरे पडले की त्यांतून तेलाचा दाब निसटतो, थर फाटतो, उष्णता वाढते आणि शेवटी अस्तरच वितळतं. आपल्या रेल्वेत याला ‘हॉट अ‍ॅक्सल’ म्हणतात. चाकं फिरेपर्यंत मात्र कुणाला पत्ता लागत नाही.

(गाडीपुढे लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनी ऑइल फिल्टर वेळेवर बदलला तर बरं. रस्त्यावरच्या धुळीतली सिलिका कार्बोरंडमएवढी कठीण नसली, तरी करते तेच.)

६ जूनला दोस्त सैन्य उतरलं आणि वाघिणी निकामी निघाल्या. ‘दास राइश’ला नॉर्मंडीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर रस्त्याने जावं लागलं. काही दिवसांत व्हायला हवा होता तो प्रवास दोन आठवड्यांहून जास्त लांबला. पण ‘वंगणाने युद्ध जिंकलं’ छापाचे फॉरवर्ड वाचून भारावून जायचं कारण नाही. वाटेत फ्रेंच प्रतिकारकांनी केलेले हल्ले होते, उखडलेले रूळ होते, विमानांचे मारे होते. शिवाय डिव्हिजन सूड घेत चालली होती. ९ जूनला त्यूलमध्ये ९९ जणांना फासावर लटकवलं, १० जूनला ओरादूर-सुर-ग्लान हे गाव जाळून सहाशेहून अधिक माणसं मारली. उशिराचा किती वाटा कशाचा, हे वेगळं काढता येत नाही. वंगणाचा खरा हात दुसरीकडे दिसतो: पँथरचं सगळ्यात कच्चं अंग म्हणजे पट्टा फिरवणारे शेवटचे गिअर, आणि वाघिणी हातच्या गेल्यामुळे सगळा ताण त्यांच्यावरच आला.