बरं वाटणं आणि बरं सांगणं

"गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उदास वाटलं?" हा प्रश्न कागदावर असला की माणूस जरा थांबतो, आठवून पाहतो आणि एका चौकटीत खूण करतो. तोच प्रश्न फोनवर अनोळखी आवाजात आला, तर तोंडून आधी निघतं, "नाही हो, तसं काही फारसं नाही." माणूस तोच, महिना तोच, उत्तर मात्र दुसरंच.

आरोग्याशी निगडित जीवनगुणवत्ता, म्हणजे तब्येतीमुळे रोजचं जगणं कसं चाललंय हे, रक्ताच्या थेंबात सापडत नाही, ती विचारूनच कळते. एसएफ-३६ या प्रश्नावलीत ३६ प्रश्न असतात आणि त्यांतून वेदना, उत्साह, हालचाल, मनःस्थिती असे ८ पैलू ० ते १०० गुणांत मांडले जातात; गुण जितके जास्त, तितकी तब्येत चांगली. ईक्यू-५डी या दुसऱ्या प्रश्नावलीत मुख्य प्रश्न पाचच. दोन्ही स्वतः भरता येतात, फोनवर विचारूनही भरून घेता येतात. मग टपालाने आलेले ७० गुण आणि फोनवर मिळालेले ७० गुण एकाच रकान्यात जाऊन बसतात, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

१९९० साली अमेरिकेत एसएफ-३६ चे राष्ट्रीय सरासरी आकडे ठरवताना हे तपासून पाहिलं गेलं. कोणाला टपालाने विचारायचं आणि कोणाला फोनवर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं होतं. फोनवाल्यांची तब्येत सरासरीने अधिक चांगली निघाली. जुनाट आजारांची कबुलीही टपालात जास्त. म्हणजे फरक नुसता 'कसं वाटतं' एवढ्यापुरता नव्हता; 'काय झालंय' हेही लोक बोलताना कमी सांगत होते.

कारण म्हणून सहसा ऐकणाऱ्यापुढे वाटणाऱ्या भिडेकडे बोट दाखवलं जातं, आणि मला ते पटतं. एक स्पर्धक कारण मात्र बघण्यासारखं आहे. ऐकताना शेवटचा पर्याय लक्षात राहतो, वाचताना पहिल्यावर नजर अडकते. 'एकंदर तब्येत कशी आहे' या प्रश्नाचे पर्याय 'उत्कृष्ट'पासून सुरू होऊन 'वाईट'वर संपतात. केवळ क्रमाचाच खेळ असता, तर फोनवर उत्तरं वाईटाकडे झुकायला हवी होती. झुकली उलट. निदान या प्रश्नापुरती तरी भीड क्रमाला पुरून उरते.

म्हणूनच रेघ कागद आणि यंत्र यांच्यामध्ये ओढणं चूक आहे. कागदावर भरलेली आणि पडद्यावर बोटाने भरलेली प्रश्नावली यांचे गुण बहुतेक वेळा जवळपास जुळतात. खरा प्रश्न पलीकडे कोणी ऐकत बसलंय का, हा आहे. समोरासमोरची मुलाखत त्यामुळे कागदापेक्षा फोनच्या जवळची.

आता यात मिसळून जाणारी दुसरी गोष्ट: कसं विचारलं याचा परिणाम आणि कोणी उत्तर दिलं याचा परिणाम. एका सर्वेक्षणात लोकांनीच फोन किंवा कागद निवडला आणि फोनवाले सुदृढ निघाले, तर त्यातून काहीच ठरत नाही. कदाचित सुदृढ लोकांनीच फोन निवडला असेल. चिठ्ठ्या टाकल्याने ही शंका बरीच मिटते, पण पुरती नाही. वरच्याच पाहणीत टपालाला सुमारे ७९ टक्के प्रतिसाद मिळाला, फोनला सुमारे ६९. उत्तर न देणारे दोन्हीकडे सारखेच होते, असं कोण म्हणणार?

सगळ्यात घातक घोटाळा उपचाराआधी आणि उपचारानंतरच्या तुलनेत होतो. सुरुवातीची प्रश्नावली दवाखान्यात कागदावर भरून घेतात. सहा महिन्यांनी रुग्ण फिरकत नाही, म्हणून फोन करतात. गुण वर जातात आणि श्रेय औषधाला मिळतं. एसएफ-३६ मध्ये ५ गुणांचा फरकही अनेकदा दखल घेण्याजोगा धरला जातो. तिथे पद्धत बदलल्याने सरकलेले दोन-तीन गुणही चित्र बदलू शकतात. प्रत्येक उत्तरापुढे ते कसं घेतलं हे नोंदवलेलं नसेल, तर नंतर कितीही आकडेमोड केली तरी हा हिशेब सुटत नाही.

बरं, फोन बंद करून टाकावा, तर तेही जमत नाही. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या हाती कागद देऊन उपयोग नाही, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे गुण मुळात कमी असतात. ते गळाले की कागदाची सरासरी फसवी चांगली दिसते. फोन त्यांना आत घेतो, आणि घेतल्यावर "बरं आहे" म्हणायला लावतो.