व्हिनेगरची चाचणी गावात पोहोचली, उपचार मागे राहिला

राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५-७६चा. सुरुवातीचा पैसा मोठ्या शहरांतल्या उपचार केंद्रांकडे आणि रेडिएशन देणाऱ्या कोबाल्टच्या यंत्रांकडे गेला. प्रतिबंध आणि लवकर निदान हे शब्द धोरणात ठळक झाले १९८४-८५मध्ये, जिल्हा पातळीची योजना १९९०-९१मध्ये आली आणि २०१०मध्ये मधुमेह, हृदयविकारासोबत सगळं एका छत्राखाली आलं. आजचे बहुतेक वाद मात्र २०१६च्या आराखड्यातून निघतात. त्यात ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी ठरली, आणि गर्भाशयमुखासाठी निवड झाली व्हीआयएची, म्हणजेच व्हिनेगरच्या चाचणीची.

पॅप स्मिअरला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याच्या चाचणीला, प्रयोगशाळा लागते, काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ लागतो आणि अहवालासाठी बाईला पुन्हा यावं लागतं. व्हीआयएला स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत बघण्याचं साधन), चांगला उजेड, कापूस आणि ॲसेटिक ॲसिडचं ३ ते ५ टक्क्यांचं द्रावण पुरतं. ५ टक्क्यांसाठी ५ मिली ग्लेशियल ॲसिड ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात, तेही रोज ताजं. द्रावण लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. पेशी बदललेल्या असतील तर दाट, ठळक कडांचा पांढरा डाग उठतो, तोही दोन प्रकारच्या पेशी जिथे मिळतात त्या रेषेला चिकटून. शिबिरात रांग वाढली की पहिला बळी जातो तो या मिनिटाचा. उजेड पिवळा असेल तर डाग दिसत नाही, आणि साध्या दाहामुळे आलेला पांढुरकेपणा 'पॉझिटिव्ह' म्हणून नोंदला जातो. पाळी थांबलेल्या बाईत ती रेषा आत सरकते, म्हणून तिथे या चाचणीचा भरवसा धरता येत नाही.

निवडीचा पाया महाराष्ट्र आणि तमिळनाडूतल्या तीन मोठ्या अभ्यासांनी घातला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८पासून सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार फेऱ्यांत तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये व्हीआयएच्या एकाच फेरीत ३५ टक्के घट दिसली. उस्मानाबाद जिल्ह्यात मात्र २००९च्या निष्कर्षांनुसार एका फेरीतली एचपीव्ही चाचणी (या कर्करोगामागचा विषाणू शोधणारी) मृत्यू जवळपास निम्म्यावर आणणारी ठरली, व्हीआयएच्या गटात लक्षणीय फरक दिसला नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या, तपासणी न केलेल्या गटांवरून पुढे नैतिकतेचा मोठा वाद झाला. 'देशात तशीही तपासणी होतच नव्हती' हे समर्थन तेव्हाही अपुरं होतं, आजही आहे.

पण व्हीआयए निवडण्याचा निर्णय त्या काळी चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. तिची खरी ताकद 'बघा आणि लगेच उपचार करा' यात आहे. दिंडिगुलमध्ये प्रशिक्षित परिचारिका त्याच भेटीत क्रायोथेरपी, म्हणजे बदललेल्या पेशी गोठवून मारण्याचा उपचार, देत: तीन मिनिटं गोठवणं, पाच मिनिटं विसावा, पुन्हा तीन मिनिटं. राष्ट्रीय आराखड्यात चाचणी गावाजवळ आली, उपचार मात्र ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात राहिला. एका भेटीच्या दोन-तीन भेटी झाल्या, मजुरी बुडू लागली आणि वाटेत बायका गळू लागल्या. पॅप नको म्हणण्याचं जे कारण होतं, तेच असं पुन्हा समोर येऊन उभं राहिलं.

शब्दांनीही घात केला. 'पॉझिटिव्ह' म्हणजे पुढे तपासायला हवं एवढंच. घरी पोहोचेपर्यंत त्याचं 'कॅन्सर निघाला' होतं. 'पिशवीला जखम आहे' हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य याहून घातक. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला, तेव्हा कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. डागावर काही मिनिटांचा उपचार पुरतो, हे त्या बायकांपर्यंत कधी पोहोचलंच नाही.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या बायका निघाल्या फक्त १.९ टक्के. त्याच सुमारास, २०२१मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. तिचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. एचपीव्हीविरुद्धच्या लसीची वाट २०१०मध्ये आंध्र आणि गुजरातमधले मुलींना ती देण्याचे प्रकल्प थांबल्यावर लांबली. त्या प्रकल्पांतल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण पालकांऐवजी वसतिगृहांच्या वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या, आणि विश्वास तिथेच तुटला. सिक्कीमने २०१८मध्ये शाळांतून लस दिली. देशी लसीला २०२२मध्ये मंजुरी मिळाली.

उपचार संपलेल्या बाईसाठी या साऱ्या इतिहासात फार थोडी जागा आहे. रेल्वेची सवलत आणि विम्याची पॅकेजं शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशनपर्यंत साथ देतात. रेडिएशननंतर योनीमार्ग आखडतो, त्यासाठी डायलेटर (तो मार्ग मोकळा ठेवणारी नळी) नियमित वापरावा लागतो. पाळी अकाली जाते, लघवीतून किंवा शौचातून रक्त महिन्यांनी, वर्षांनीही येऊ शकतं. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी लागते. ती तालुक्याच्या ठिकाणी झाली पाहिजे, आणि किती जणी तपासल्या या आकड्याशेजारी किती जणी उपचारापर्यंत पोहोचल्या हा आकडाही तितक्याच ठळक अक्षरांत छापला गेला पाहिजे.