परोपजीवन : गांधील माश्या व मुंग्या

गांधील माश्या आणि मुंग्या एकाच गणातील (हायमेनॉप्टेरा) कीटक असून दोन्ही गटांत परोपजीवी जाती विपुल आहेत. परोपजीवी गांधील माशी यजमानाचे (ज्याच्यावर ती जगते त्या जिवाचे) शरीर खाते, तर परोपजीवी मुंगी यजमान वसाहतीचे श्रम लुटते, हा त्यांच्यातील मूलभूत भेद होय.

गांधील माश्यांत परोपजीवी अवस्था अळीची असते. प्रौढ माशी स्वतंत्रपणे जगते. एक मिलिमीटरहूनही लहान असलेली ट्रायकोग्रामा पतंगांच्या अंड्यांतच अंडी घालते. कोटेशिया ग्लोमेराटा ही माशी कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळीत अंडी घालताना त्यांसोबत विषाणुसदृश कणही सोडते. या कणांची जनुके माशीच्याच जीनोममध्ये (संपूर्ण जनुकसंचात) सामावलेली असतात आणि ते कण यजमानाची प्रतिकारशक्ती क्षीण करतात. वाढ झालेल्या माशीच्या अळ्या त्वचा भेदून बाहेर येतात व शेजारीच पिवळे कोष विणतात. यजमान अळी त्या वेळी जिवंत असते, पण पुढे मरते.

मुंग्यांमधील परोपजीवन मात्र सामाजिक आहे. लॅसियस अम्ब्रेटसची राणी एकटीने वसाहत स्थापू शकत नाही. ती लॅसियस नायगरसारख्या जातीच्या वारुळात शिरते, तिथली राणी नाहीशी होते आणि यजमान कामकरी मुंग्या परक्या राणीची पिल्ले वाढवतात. पॉलिएर्गस मुंग्या शेजारच्या फॉर्मिका वसाहतींवर धाडी घालून कोष पळवतात. स्विस कीटकशास्त्रज्ञ प्येर ह्यूबर यांनी १८१० मध्ये या धाडींचे वर्णन केले. लढाईस योग्य अशा विळ्यासारख्या जबड्यांमुळे या मुंग्यांना स्वतः अन्नही नीट घेता येत नाही, त्यामुळे पळवून आणलेल्या कोषांतून निघालेल्या कामकऱ्यांवाचून त्यांची वसाहत टिकत नाही. टेल्युटोमिर्मेक्स श्नायडेरी या जातीत तर कामकरी मुंग्याच नसतात. तिच्या चिमुकल्या राण्या यजमान राणीच्या पाठीला बिलगून राहतात.

इटालियन कीटकशास्त्रज्ञ कार्लो एमेरी यांनी १९०९ मध्ये नोंदवल्याप्रमाणे परोपजीवी मुंग्यांचे यजमान बहुधा त्यांचे जवळचे आप्त असतात. वसाहतीत आपले-परके शरीरावरील गंधद्रव्यांवरून ओळखले जात असल्याने आप्ताला तिथे शिरकाव करणे सोपे जात असावे. शरीर खाणाऱ्या माशीला अशा नात्याची गरज नसते.

युकॅरिटिडी कुलातील माश्यांनी मात्र हे दोन्ही मार्ग जोडले आहेत, आणि तुलनेसाठी तेच उदाहरण सर्वांत उद्बोधक ठरते. मादी वनस्पतीवर अंडी घालते, बाहेर पडलेली सूक्ष्म अळी मुंगीला चिकटून वारुळात पोहोचते आणि मुंगीच्या अळीवर व पुढे कोषावस्थेतील मुंगीवर पोसली जाते. वारुळातून बाहेर पडणाऱ्या प्रौढ माशीच्या अंगावरील गंधद्रव्येही बऱ्याच अंशी यजमान मुंग्यांसारखीच असू शकतात.